कानपिळीचा पोशाख

बाळासाहेब हे माझ्या दाजींचं नाव. कळंबला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी ते उघडतात, काळी पडलेली तार काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. माझ्या आजारपणात मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन तर त्यांचा.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी माझी मूत्रपिंडं वाचवली. आईनं महिनोन्‌महिने माझ्यासोबत अळणी खाल्लं. वडिलांनी हमाली सांभाळून दवाखान्याच्या खेपा केल्या. त्यांच्याबद्दल मी काय बोलणार? पण दवाखान्यातून घरी आलेल्या माणसानं परत चारचौघांत कसं जायचं, हे मला दाजींनी दाखवलं, आणि तेही कापडाच्या दुकानात. म्हणून पहिलं नाव त्यांचं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील कळंबच्या मार्केट यार्डात हमाल आहेत, आई रोजानं शेतात जाते. मी कळंबच्याच कॉलेजातून बी.ए. झालो आणि धाराशिवला एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो. लिहिण्याचा मला सराव नाही. पण तपासणीला जातो तेव्हा बाहेरच्या बाकावर गोल चेहऱ्याची, मान खाली घातलेली पोरं-पोरी दिसतात. त्यांच्याशी बोलायला जीभ उचलत नाही. म्हणून हे लिहितो.

सूज

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सकाळी उठलो की पापण्या जड, डोळे अर्धेच उघडलेले. दुपारपर्यंत उतरायचं. मग संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसू लागला. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

सुट्टीत कळंबजवळच्या आमच्या गावी गेलो तर घरात आनंद. नोकरी लागली, वेळेवर जेवण मिळालं, पोरगं अंगानं भरलं, असं सगळ्यांना वाटलं. वडिलांनी यार्डात दोन-तीन जणांना मुद्दाम हाक मारून मला दाखवलं. मीही खूश होतो, कारण लहानपणापासून मी काडीसारखा होतो आणि वर्गात त्यावरूनच नाव पडलेलं होतं. बूट पायात जाईना तेव्हा आम्ही एक नंबर मोठे बूट घेतले. आजार आमच्या घरात असा आला, शुभवर्तमान होऊन.

लघवीला फेस येऊ लागला तेव्हा मी धाराशिवच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवी तपासली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, सोबत कोण आहे. कुणी नव्हतं. ते म्हणाले, वडिलांना बोलवा आणि उद्याच सोलापूरला जा.

सोलापूरला तपासण्या झाल्या, पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढला. डॉक्टरांनी वडिलांना समजेल असं सांगितलं, की मूत्रपिंडाची चाळणी ढिली झालीय, अंगातली प्रथिनं लघवीवाटे गळून जातायत, म्हणून अंगात पाणी साठतंय. वडिलांनी एकच विचारलं, "किडनी बदलावी लागंल का?" डॉक्टर नाही म्हणाले. गोळ्यांनी आवरेल, पण वेळ लागेल, आणि हा आजार परत परत येऊ शकतो. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की या गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत. भूक वाढेल, वजन वाढेल, चेहरा गोल होईल.

ते शेवटचं वाक्य आम्ही दोघांनीही नीट ऐकलं नाही. जीव वाचतोय म्हटल्यावर चेहऱ्याचं कोण विचारतं? वडील बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. त्यांना घाम आला होता असं मी धरून चाललो.

वॉर्डातली पहाट

वॉर्डात दिवस वजनकाट्यानं उगवायचा. चहाच्या आधी सगळ्यांना ओळीनं उभं करायचे. सिस्टर काट्याजवळ उभी राहून आकडा मोठ्यानं सांगायची, टेबलाजवळची दुसरी सिस्टर लिहून घ्यायची. सगळा वॉर्ड ऐकायचा. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण पाणी उतरत होतं आणि आकडा रोज खाली येत होता. शेजारच्या खाटेवर सास्तूरचे गफूरचाचा होते, डायलिसिसवर. माझा आकडा ऐकला की ते पडल्या पडल्या निकाल लावायचे, "आज पास." एखाद्या दिवशी आकडा वर गेला तर म्हणायचे, "एटीकेटी हाय. घाबरू नको."

अळणी जेवण घशाखाली उतरत नव्हतं. चाचांनीच युक्ती सांगितली. डाळीत लिंबू पिळायचं आणि वरून कच्चा लसूण चावायचा, मीठ आठवत नाही. त्यांची सून येताना दोन लिंबं जास्त आणायची, माझ्यासाठी. ज्यांना अळणी खावं लागतंय त्यांनी हे करून बघावं, आधी आपल्या डॉक्टरांना विचारून.

आई मात्र वॉर्डात आली की आधी माझ्या पायावर बोट दाबून बघायची. खड्डा पडला नाही त्या दिवशी तिनं पिशवीतून भाकरी काढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसून जेवली.

आरसा

घरी आलो आणि महिन्याभरात डॉक्टरांचं ते वाक्य खरं झालं. सूज गेली होती, पण तिच्या जागी दुसरंच माणूस येऊन बसलं. गाल कानापर्यंत गेले. मानेमागं मांसाचा उंचवटा आला. पोट पुढं, हातपाय मात्र बारीक. पोटाच्या कडेला आणि दंडांच्या आत लाल-जांभळे पट्टे उमटले, कातडी आतून फाटल्यासारखे. भूक तर अशी, की जेवून हात धुताना परत जेवावंसं वाटायचं.

कामावर रुजू झालो तर एका विद्यार्थिनीनं विचारलं, आधीचे सर बदलून गेले का. मी हो म्हणालो. त्यानंतर मी ग्रंथालयात मागच्या कपाटांपाशीच काम काढायला लागलो. भर उन्हाळ्यात अंगात जुनं जॅकेट घालायचो, पोट झाकायला. फोटो निघतोय असं दिसलं की मला पाणी प्यायचं असायचं.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती कुणी बोलत नाही. आजारात मला मरणाची भीती वाटली होती, पण ती मोठी असल्यानं तिच्याबद्दल घरात बोलता आलं. दिसण्याची लाज लहान होती. जीव वाचलाय आणि हा गालांसाठी रडतोय, असं कुणी म्हणेल म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही. अशी न सांगितलेली गोष्ट आत वाढत जाते.

काचेचं दुकान

जुन्या कपड्यांपैकी एकही अंगाला लागेना. शेवटी एका संध्याकाळी धाराशिवमधल्या एका नव्या शोरूममध्ये गेलो. दारात मुलगी नमस्कार करते, आत गार हवा, सगळीकडं आरसे. कुठं बघावं हेच मला कळेना. खांबांनासुद्धा आरसे लावलेले.

सेल्समन माझ्याहून लहान होता. नम्र होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जे त्याचं कामच आहे, आणि म्हणाला, "सर, स्लिम फिट राहू द्या. तुम्हाला त्या साइडला मिळेल." त्या साइडला एक लहान रॅक होता. तिथले शर्ट माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांचे होते. एक घेऊन मी ट्रायल रूममध्ये गेलो. तिथंही तीन बाजूंनी आरसे. माझी पाठ मी आजारानंतर पहिल्यांदाच पाहिली. मानेमागचा उंचवटा नुसता हाताला लागला होता, तो आता दिसला.

बाहेरून त्यानं विचारलं, "सर, बसला का? की अजून एक साइज वर देऊ?"

आवाजात कुठंही खोट नव्हती. पण मला वाटलं, सगळ्या दुकानानं ऐकलं. मी शर्ट आतच टांगून ठेवला, जॅकेट चढवलं आणि त्याच्याकडं न बघता बाहेर पडलो. रस्त्यात मोबाइलवर संदेश आला: आमची सेवा कशी वाटली? खाली पाच तारे. मी पाचही तारे दिले. काय चुकलं म्हणून कमी देणार? त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. आणि त्या दुकानात परत कधी जायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

बस्ता

याच सुमाराला ताईचं लग्न जमलं. ताई माझ्याहून मोठी. माझ्या आजारामुळं तिचं लग्न लांबलं होतं. तिनं त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही, उलट मुलगा बघायला येणाऱ्यांना आधीच सांगायची, भावाचं औषधपाणी चालू आहे, खर्चाचं लग्न होणार नाही. त्यावर हो म्हणणारे पहिले हे बाळासाहेब.

दाजी जाड आहेत. हे मी लिहिलंय असं त्यांना कळलं तर ते म्हणतील, जाड न्हाय, चांगलाच जाड लिहा. लहानपणापासूनच तसे. साखरपुड्याला आले तेव्हा प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून त्यावर स्वतःच बसले आणि यजमानांना म्हणाले, एकीचा भरवसा न्हाय. मी त्या दिवशी तोंडाला मास्क लावून मागं उभा होतो. मास्क डॉक्टरांनी सांगितला होता हे खरं, पण मला तो डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त आवडत होता.

आमच्याकडं लग्नाआधी दोन्हीकडची माणसं मिळून एकाच कापड दुकानात बसतात, सगळ्यांचे कपडे काढतात, त्याला बस्ता म्हणतात. नवरीची साडी, मामांचे टॉवेल-टोपी, आत्यांची लुगडी, सगळं सगळ्यांच्या देखत. आणि नवरीच्या भावाचा एक मान असतो. मांडवात तो नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळा म्हणून, आणि त्याबद्दल नवरदेवाकडून त्याला नवा पोशाख मिळतो. कानपिळीचा पोशाख. तो बस्त्यातच काढतात. म्हणजे मी दोन्ही घरांसमोर गादीवर बसायचं, दुकानदारानं माझ्या पोटाला टेप लावायची आणि पन्नास माणसांनी बघायचं.

सुट्टीला घरी आलो तेव्हा मी आईला सांगितलं, मला बस्त्याला जमणार नाही, गर्दीत डॉक्टरांनी जाऊ नको म्हटलंय. आणि कानपिळीला चुलतभाऊ गणेश उभा राहील. मी मांडवाच्या मागं स्वयंपाकाचं बघेन.

ताई चुलीजवळ होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "कान पिळायला गण्याच येणार असंल, तर ऱ्हाऊ दे ते पिळायचं."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं जेवण मात्र तिनंच वेगळं अळणी केलं.

बस्त्याच्या दिवशी मी घरी थांबलो. आईनं जाताना माझा एक शर्ट मापासाठी पिशवीत टाकला होता. संध्याकाळी ती परतल्यावर मला कळलं, की तिनं माझा कॉलेजातला शर्ट नेला होता. आजाराआधीचा. दंडसुद्धा त्यात शिरला नसता.

मी विचारलं, हा कशाला नेला? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुझा त्योच शर्ट हाय की," ती म्हणाली. "लग्नापतुर उतरतंय समदं. म्या नवस बोललेय."

तिच्या मनात मी अजून त्याच शर्टाच्या मापाचा होतो. मधला हा गोल माणूस तिनं पाव्हणा म्हणून चार दिवस ठेवून घेतला होता, माप द्यायचं ते आपल्या पोराचं. मी तिच्यावर रागावूही शकलो नाही. पण पोशाख आणला का, म्हणून पिशव्या बघितल्या तर माझा पोशाख नव्हता. आई म्हणाली, बाळासाहेब पाव्हण्यांनी त्यो शर्ट बघितला, घडी घालून आपल्याजवळच ठेवला आणि म्हणाले, मेव्हण्यांचं म्या मागनं बघतो.

दाजी आले

पुढच्या रविवारी दारात मोटारसायकल थांबली. लग्नाआधी नवरदेव एकटा सासुरवाडीला आलेला बघून ताई आत पळाली. दाजींनी चहा घेतला, आईला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "मेव्हणे, चला जरा कळंबला. माझं कापड घ्यायचं ऱ्हायलंय."

मी म्हणालो, बस्त्यात नाही घेतलं?

"बस्त्यात माझ्या मापाचं कुठं असतंय? समद्यांचं झाल्यावर दुकानदार म्हणतो, नवरदेवाचं मागवून घेऊ. चला, तुम्ही शिकलेले, रंगाचं सांगाल."

नाही म्हणायला सोय नव्हती. जॅकेट घालून मी मागं बसलो. गाडी पहिल्या चढाला कण्हली. "दोन नवरदेव बसल्यागत झालंय तिला," दाजी म्हणाले आणि गिअर बदलला.

दुकान अगदी साधं होतं. दोन शटरचं, गादी, वर पंखा, कपाटात ताग्यांच्या राशी. मालक फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता. विक्रीला एक मध्यमवयीन माणूस होता, तो टॉवेलच्या गिऱ्हाइकात गुंतलेला. आम्हाला बराच वेळ कुणी विचारलं नाही. मी म्हणालो, दुसरीकडं जाऊ का? दाजी आरामात मांडी घालून बसले होते. त्यांनी स्वतःच माठातलं पाणी घेतलं, मला दिलं.

शेवटी तो माणूस आला. त्यानं तोंड उघडायच्या आत दाजी मोठ्यानं म्हणाले, "कंबर चव्वेचाळीस, छाती अठ्ठेचाळीस, आणि पोट तुमच्या समोरच हाय. ह्या मापाला काय शोभंल ते काढा. लगीन माझं हाय."

तो माणूस हसला आणि कामाला लागला. तागे पडू लागले. मला तेव्हाच जाणवलं, की त्याला आता बोलायला काही उरलंच नव्हतं. तुम्हाला हे बसणार नाही, तुमचं त्या बाजूला आहे, यातलं काही म्हणायची जागाच दाजींनी ठेवली नाही.

मग दाजी माझ्याकडं वळले आणि थांबले. माझं माप ते बोलले नाहीत. मी सांगायची वाट बघत राहिले.

मला माझं माप माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग घ्या की," दाजी त्या माणसाला म्हणाले.

मी जॅकेट काढलं. त्यानं टेप लावली, आकडा मोठ्यानं सांगितला. मी तो मनात म्हटला, मग तोंडानं म्हटला. टॉवेलवाली बाई अजून रंग पक्का आहे का विचारत होती. मालकाचा फोन चालूच होता. बाहेर कुणीतरी उसाच्या ट्रॉलीला हॉर्न देत होतं. माझ्या पोटाचा आकडा ऐकून कळंबमध्ये काहीही झालं नाही.

ट्रायल रूम नव्हती. अंगाचा अंदाज यावा म्हणून आधी दोन तयार शर्ट घालून बघा, असं तो माणूस म्हणाला आणि त्यानं आम्हाला मागच्या गोदामात पाठवलं. साड्यांच्या खोक्यांमध्ये एकच बल्ब, दोघांना वळायला जागा नाही. मी सवयीनं भिंतीकडं तोंड करून शर्ट काढला. दाजींनी काढला तो माझ्यासमोरच.

त्यांच्या कुशीवर, दंडांत, पोटाच्या खाली, सगळीकडं पट्टे होते. माझ्यासारखेच, फक्त पांढरे.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. "तुमचे लाल हायत अजून," ते म्हणाले. "माझे लई जुने. शाळेत होतो तवाचे."

मग शर्टाची बटणं लावत लावत, जणू मोटारीचा बिघाड सांगावा तसं, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नात घरातल्या सगळ्या पोरांना एकसारखे कुर्ते काढले होते. यांच्या मापाचा मिळाला नाही. मग हे दिवसभर पंगतीत वाढायला उभे राहिले, फोटोत यायला नको म्हणून.

"आता पुतणे अल्बम बघत्यात आन् इचारत्यात, काका तुम्ही आला नव्हता का लग्नाला? काय सांगू? भावाच्या लग्नाला म्या नव्हतोच म्हना." त्यांनी पुढचं बटण लावलं. "बस्त्यात तुमच्या आईनं शर्ट काढला, तवाच वळखलं म्या. साखरपुड्यात बघितलं होतं की तुम्हाला. मेव्हणे, तुमच्या बहिणीला अल्बमात गण्या नको हाय."

दाजींनी तयार शर्टाकडं पाहिलं, त्यांचं शेवटचं बटण लागत नव्हतं, आणि म्हणाले, "चला, शिवूनच घेऊ. ह्यो माझ्यासाठी बनवलाच न्हाय."

दोघांनी कापड घेतलं. शेजारच्याच शिंप्याकडं टाकलं. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायचं सांगितलं होतं, म्हणून दाजींनी शिंप्याला बजावलं, की मेव्हण्यांच्या पँटीत कंबरेला आत कापड जास्त सोडा, पुढं उसवून बारीक करता आलं पाहिजे. पण लग्नाचं माप आजचं घ्या.

मांडवात

गुरुजींनी नवरीच्या भावाला हाक मारली तेव्हा मी उठलो. निळसर शर्ट, करडी पँट, डोक्याला फेटा. फेट्यानं गाल आणखी मोठे दिसत होते, हे मला माहीत होतं. फोटोवाला समोर होता. मी दाजींचा कान धरला आणि पिळला. जरा जास्तच.

"आई गं," दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गोळ्यांचा लई जोर हाय हो ह्यांच्यात."

मांडव हसला. बायकांत आई बसली होती, तीही हसली, आणि ताईनं मुंडावळ्यांआडून माझ्याकडं असं पाहिलं, की त्या दिवशी माझी सगळी तपासणी नॉर्मल आली असं मला वाटलं.

दोन दुकानं

मी पुष्कळ वेळा विचार केला. ते शोरूम सगळ्या बाबतींत चांगलं होतं. गारवा, उजेड, नम्र सेल्समन, निवड करायला भरपूर. कळंबच्या दुकानात आम्हाला ताटकळत ठेवलं, ट्रायल रूम नाही, बिलावर नाव चुकलं, आणि शर्टाचं कापड देताना ते एकदा दुसऱ्यालाच बांधून दिलं. तिथून मी खूश होऊन निघालो. तारे विचारले असते तर पाचाच्या पुढं मागितले असते.

म्हणजे मी जी सेवा मोजत होतो ती दुकानाची नव्हती. मी स्वतःला जेवढा नको होतो, तेवढंच ते काचेचं दुकान मला वाईट वाटलं होतं. हे कळल्यावर मी त्या शोरूममध्ये परत गेलो. तोच पोरगा होता. त्यानं ओळखलं नाही. मीच आधी माप सांगितलं आणि म्हणालो, मला ट्रायल रूम नको, घरी घालून बघतो, बसला नाही तर बदलून द्याल का? तो म्हणाला, नक्की सर, त्यात काय. इतकं सोपं होतं. त्यालाही हायसं वाटल्यासारखं दिसलं. काय बोललं म्हणजे समोरचा दुखावणार नाही, याची चिंता बहुतेक त्यालाही असते.

दुकान चालवणाऱ्या कुणी हे वाचलं तर एकच विनंती आहे. ट्रायल रूममध्ये एक बाजू तरी बिनआरशाची ठेवा. आणि जे माझ्यासारखे आहेत त्यांना सांगतो, आपलं आजचं माप पाठ करा. जुन्या शर्टाचं नको, पुढं होईल त्याचं नको. आजचं. मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळते, मग नाही. आणि सोबत कुणाला तरी न्या, शक्य झालं तर आपल्याहून मोठ्या मापाच्या माणसाला.

पुढं गोळ्या कमी झाल्या, बंद झाल्या. चेहरा बराचसा परत आला. पट्टे फिके झाले. वर्षभर मी ठीक होतो. मधल्या काळात ताईला मुलगी झाली, आमची बाळी. मग यंदा एके सकाळी पापण्या परत जड झाल्या. लघवी तपासली, प्रथिनं होती. डॉक्टर म्हणाले, येतो हा आजार परत, सांगितलं होतं ना, गोळ्यांना तो ऐकतो हे आपल्याला माहीत आहे. मीही पहिल्यासारखा घाबरलो नाही. गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्यानं धाराशिवच्या खोलीवरून दाजींना पत्र लिहिलं, कारण फोनवर ते मला दोन वाक्यं सरळ बोलू देत नाहीत.

ते पत्र असं:

श्री. बाळासाहेब दाजी यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. आजार परत आलाय, पण लवकर सापडलाय. गोळ्या आठवड्यापासून चालू आहेत. आईला मी रविवारी येऊन स्वतः सांगणार आहे, तोवर तुम्ही बोलू नका. ताईला फोनवर माझ्या आवाजावरून अंदाज आलाच आहे, तिला सांगितलं तरी चालेल.

तुळजापूरला बाळीच्या जावळाची तारीख ताईनं कळवली. त्या वेळेला मी परत पुरता गोल झालेला असेन. ताई फोनवर म्हणाली, तुला दगदग होत असेल तर तारीख पुढं ढकलू, किंवा बाळीला मांडीवर घ्यायला मामा म्हणून गणेशला बसवू. ती काळजीनं म्हणाली, मला राग आला नाही. पण तारीख बदलू नका. मामा मीच आहे.

आज कामावरून सुटल्यावर दुकानात जाऊन आलो. एकटाच गेलो होतो. जावळासाठी दोन सदरे घेतले, एक आता बसतो तो आणि एक दोन मापं मोठा. दुकानदारानं विचारलं, मोठा कुणासाठी? मी म्हणालो, हाही माझ्यासाठीच, पुढच्या महिन्यात लागेल. त्यानं तो नीट घडी घालून दिला.

तुम्ही त्या रविवारी मला न्यायला आला होता, त्याबद्दल मी कधी नीट बोललो नाही. तुम्ही बोलूच देत नाही. इथं लिहितो, म्हणजे तुम्हाला मधे चेष्टा करता येणार नाही. दाजी, तुमचा मी फार आभारी आहे.

एक अडचण आहे, ती तुम्हालाच सांगतो. या वेळी गोळ्यांनी माझे हात थोडे थरथरतात. कपातला चहासुद्धा हिंदकळतो. जावळ काढताना वस्तरा चालू असेल तेव्हा बाळी हलली आणि माझा हात सुटला तर, याची मला भीती वाटते. म्हणून तुम्ही माझ्या शेजारी बसा आणि तिचं डोकं तुम्ही धरा.

मांडी माझी. तोवर तिला बसायला भरपूर जागा झालेली असेल.

तुमचा मेव्हणा